पेचकसवाल्या वहिनी

नवीन वस्तू घरात आली की लोक तिला हळदकुंकू लावतात. आमच्या वहिनी आधी तिचे स्क्रू काढायच्या. मिक्सर असो, इस्त्री असो, की भाऊंनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, हौसेनं आणलेला टेबलफॅन. वस्तू खोक्यातून निघाली की पाटावर ठेवायची, कमरेला खोचलेला पेचकस काढायचा, आत काय आहे ते डोळ्यांनी बघायचं आणि मगच ती वापरायला घ्यायची. वॉरंटीचं स्टिकर फाटलं म्हणून भाऊ कपाळाला हात लावायचे. वहिनींचं उत्तर ठरलेलं असायचं, "जे उघडता येत न्हाई ते आपलं न्हाई." इतर बायकांच्या कमरेला चाव्यांचा जुडगा असतो, यांच्या कमरेला पेचकस होता. मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारात, त्यांना सगळे पेचकसवाल्या वहिनीच म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडायचं.

भाऊंचा फोटो स्टुडिओ मोंढ्याच्या रस्त्याला, मागं त्यांचं घर. मी तिथं अल्बम बनवायच्या कामाला लागले तेव्हा गावाहून एसटीनं ये-जा करायचे. फोटो काढणं भाऊंचं काम, अल्बम जुळवणं माझं, आणि कॉम्प्युटर, वायरी, बॅटऱ्या, प्रिंटर हे सगळं वहिनींचं राज्य. लग्नाआधी त्यांनी परभणीच्या आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं आणि हे त्या कुणालाही विसरू देत नसत. स्वभावानं कडक. त्यांच्या टेबलावरची वस्तू हलवली की, "हात कामून लावला?" असं म्हणून दिवसभर बोलायच्या नाहीत. पहिल्या वर्षात मी दोनतीनदा रडत गावाकडची गाडी धरली आहे. मूलबाळ नव्हतं त्यांना. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

स्टुडिओ लग्नांवर चालायचा, पण लोकांना आमची खरी गरज पडायची माणूस गेल्यावर. तेरवीला हार घालायला तसबीर लागते, चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो. आणि आमच्या भागात, विशेषतः ऊसतोडीला जाणाऱ्या घरांमधून, कित्येक म्हातारी माणसं अशी की त्यांनी जन्मात हौसेनं फोटो काढलेला नसतो. आधार कार्डावरचा असतो, पण त्यात आपली आई आपल्यालाच ओळखू येत नाही. मग घरची माणसं आमच्याकडे यायची. वहिनी त्यांना बसवायच्या, पाणी द्यायच्या, आणि गेलेल्या माणसाचं नाव विचारायच्या आधी विचारायच्या, "कुणाच्या लग्नाला गेली होती?"

हीच त्यांची शोधायची रीत. आम्ही आजूबाजूच्या गावांतली लग्नं वर्षानुवर्षं काढलेली. त्यामुळे माणूस कुणाच्या ना कुणाच्या लग्नात सापडायचाच. आलेली माणसं आठवायला लागायची. अमक्याच्या लग्नाला गेली होती, न्हाई न्हाई तेव्हा ती फडावर होती, तमक्याच्या हळदीला मात्र होती. तेवढ्यात त्यांचं रडणं थांबायचं. मग कुठल्या तरी पंगतीच्या मागं, मांडवाच्या खांबाला टेकलेली, भलतीकडंच बघणारी ती बाई सापडायची. तिला त्या गर्दीतून कापून काढायचं, मोठं करायचं, मागं निळा पडदा द्यायचा, हे माझं काम. बहुतेकांच्या हातात पत्रावळ किंवा बुंदी असायची. तसबिरीत ती बरी दिसत नाही. किती मेलेल्या माणसांच्या हातातली बुंदी मी पुसली असेल याची गणती नाही.

या रीतीनं एकदा मोठा घोटाळा केला. ताडकळसकडच्या एका घरातली बाई गेली होती. तिचा पुतण्या घाईत आला. लग्न सापडलं, पण त्या लग्नात नवरीच्या बापानं भावकीतल्या सगळ्या बायकांना आहेरात एकसारख्या पोपटी साड्या केल्या होत्या. पुतण्यानं पोपटी साडी बघितली आणि हीच म्हणाला. आम्ही तसबीर करून दिली. तेरवीच्या दिवशी गेलेल्या बाईची जाऊ तसबिरीला हळदकुंकू लावायला वाकली, तर हारामागून तीच स्वतःकडे बघत होती.

दोनचार दिवसांनी ती जाऊ तसबीर फडक्यात बांधून स्टुडिओत आली. आता शिव्या खायच्या अशी आमची तयारी होती. तिनं फडकं सोडलं, तसबीर टेबलावर उभी केली आणि म्हणाली, "फोटो लय चांगला आलाय माझा. माझ्या वेळंला ह्योच लावा. आता आमच्या बाईचा काढून द्या." वहिनींनी त्याच लग्नातून खरी बाई काढून दिली. पुढं त्या जावेची वेळ आली तेव्हा तिच्या मुलानं तीच तसबीर भिंतीला लावली, आम्हाला नवीन करावी लागली नाही. पण त्या दिवसापासून वहिनींनी नियम केला. घरच्या दोन माणसांनी पडद्यावरच्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं, एकानं नाही, दोघांनी, आणि मगच प्रिंट निघायची. साथीच्या त्या दोन वर्षांत माणसं येऊ शकत नव्हती, तेव्हासुद्धा वहिनी व्हिडिओ कॉल लावून पलीकडच्यांना मोबाईलच्या काचेवर बोट ठेवायला लावायच्या. संध्याकाळपर्यंत आमचा पडदा बोटांच्या ठशांनी भरलेला असायचा. दुकान बंद करताना त्या ओल्या फडक्यानं तो स्वतः पुसायच्या, मला पुसू द्यायच्या नाहीत.

ही सगळी लग्नं राहायची कुठं, तर वहिनींच्या सर्व्हरमध्ये. सर्व्हर म्हणजे एकच मोठं यंत्र. सगळे फोटो त्यात, आणि स्टुडिओतल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून ते बघता यायचे. बाजारात असलं यंत्र तयार, बंद डब्यात मिळतं. वहिनींनी ते स्वतः जोडलं होतं. पाथरीला बंद पडलेल्या एका नेट कॅफेचं कॅबिनेट, परभणीच्या भंगारातला मदरबोर्ड, आणि डिस्का मात्र कोऱ्या, तिथं त्या चिकटपणा करत नसत. त्यावर चालणारी प्रणाली त्यांनी इंटरनेटवरून उतरवून, वाचून वाचून बसवली. मागच्या खोलीत पाटावर ते यंत्र एका बाजूनं उघडंच असायचं. मानवतला कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगमधून उडणारी तूस घराघरात शिरते, भाकरीवरसुद्धा बसते. म्हणून यंत्राच्या पंख्यांपुढं त्यांनी मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला होता आणि रोज सकाळी देवपूजेआधी रंगाच्या ब्रशनं तूस झाडायच्या. मग कॅबिनेटवर तळहात ठेवून थोडा वेळ उभ्या राहायच्या, लेकराचा ताप बघतात तशा.

डिस्कांवर त्यांनी आपल्या आरशावरच्या टिकल्या चिकटवल्या होत्या. हिरवी टिकली म्हणजे डिस्क चांगली, लाल म्हणजे भरली, आणि काळी म्हणजे नजर ठेवायची. एवढंच काय ते आम्हाला कळायचं. बाकी सगळं काळ्या पडद्यावर इंग्रजीत हुकूम टाइप करून चालायचं आणि ते फक्त त्यांना जमायचं. शिकवायचा त्यांनी प्रयत्न केला. भाऊ पाचव्या मिनिटाला पेंगायचे. मी सगळं लिहून घ्यायचे, आणि एक अक्षर चुकलं की यंत्र मला ओळखच द्यायचं नाही. वहिनी माहेरी गेल्या की यंत्र हमखास रुसायचं आणि आम्ही दोघं फोन कानाला लावून बसायचो. माझी शेवटची गाडी चुकायची. म्हणून सांगते, मी पहिल्यापासून तयार डब्याच्या बाजूची होते. रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला आयत्या पिठाचं कौतुक असतंच.

मग तो हंगाम आला. एका डिस्कला काळी टिकली लागून बरेच दिवस झाले होते. वहिनी म्हणायच्या, चालायलीय अजून, बघू. एका सकाळी ती गेली. प्रत्येक फोटो दोन डिस्कांवर असायचा, त्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं. त्यांनी नवी डिस्क बसवली आणि दुसरीवरून फोटो उतरायला लावले. आणि तो सगळा भार घेताना, निम्म्या वाटेत, दुसरीही बसली. काही वर्षांची लग्नं गेली ती गेलीच. वहिनींनी त्या दोन्ही डिस्का उघडून बघितल्या. उघडल्या तरी त्यात आता काही दिसत नव्हतं, नुसत्या चकचकीत तबकड्या.

थोड्याच दिवसांनी पाथरीकडचा एक माणूस वडलांच्या फोटोसाठी आला. कुणाच्या लग्नाला गेले होते, तर नेमक्या त्यातल्याच एका. भाऊ काहीतरी सावरून सांगणार होते, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "तुमच्या वडलांचा फोटो माझ्याच्यानं गेला." त्या माणसाला काही उमगलं नाही. तो ठेवलेलं पाणी प्याला आणि गेला. पुढं एकदा आम्ही पाथरीच्या बसमध्ये असताना रस्त्याकडंला त्याच्या वडलांचा फ्लेक्स दिसला, आधार कार्डावरचा काळवंडलेला चेहरा ताणून मोठा केलेला. वहिनींनी मान वळवली ती पाथरी येईपर्यंत सरळ केली नाही. त्यांना इतकं खचलेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

यानंतर भाऊंनी संभाजीनगरहून एका कंपनीच्या पोराला बोलावलं. तुपाच्या डब्याएवढा काळा डबा घेऊन तो आला. पोरगा चांगला होता, उगाच फेकणारा नव्हता. डिस्क बिघडायच्या आधी डबा स्वतः ओरडतो, लाइट गेली तर नीट बंद होतो, सगळं मोबाईलवर दिसतं, आणि चेहरे ओळखून एका माणसाचे सगळे फोटो एका जागी करतो, असं त्यानं दाखवून दिलं. शेवटी म्हणाला, "एकदा लावला की विसरून जायचं, काकू."

वहिनींनी डबा पालथा करून बघितला. त्याचे स्क्रू वेगळ्याच घाटाचे, त्यांच्या पेचकसाला लागेनात. उद्या तुमची कंपनी बुडाली किंवा हा डबा जुना झाला म्हणाली तर काय करायचं, हे त्यांनी विचारलं. पोरानं प्रामाणिकपणे सांगितलं की मग नवा घ्यायचा. वहिनींनी डबा त्याच्यापुढं सरकवला. "इतक्या लोकांची मेलेली माणसं हायती त्यात," त्या म्हणाल्या. "विसरून जायसाठी लावायचाय व्हय?" त्याला त्यांनी चहा पाजला, जेवायचा आग्रह केला, आणि डब्यासकट परत पाठवलं. भाऊ त्या रात्री माझ्यादेखत त्यांच्यावर चिडले. अहंकारापायी लोकांचे फोटो घालवतेस म्हणाले. बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वहिनींनी प्रत्येक फोटोची तिसरी प्रत ठेवायला सुरुवात केली, आणि काळ्या टिकलीची डिस्क त्याच दिवशी बदलायची असं ठरवलं. यंत्र पुढं नीट चाललं, हेही सांगायला हवं.

नंतर त्यांच्या पोटात गाठ निघाली. मानवत रोड स्टेशनवरून रेल्वेनं संभाजीनगरच्या फेऱ्या सुरू झाल्या. परत आल्या की चपला न काढता मागच्या खोलीत जायच्या, यंत्रावर हात ठेवायच्या. हात बारीक होत चालला होता. ब्रश मारायला वाकवेना, तेव्हा तूस मी झाडायला लागले, आणि त्यांनी पहिल्यांदाच हात कामून लावला असं विचारलं नाही. त्याचंच मला जास्त भ्या वाटलं.

एका फेरीहून आल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. त्या डब्याच्या पोराला बोलाव म्हणाल्या. मला वाटलं औषधानं बोलतायत. मी म्हटलं, "वहिनी, तुमचं यंत्र चांगलं चालू आहे की. बऱ्या झाल्यावर बघू."

"खोटं नको बोलू, मंगल. ऐक." त्यांनी दम घेतला. "माझं यंत्र मलाच उघडता येतंय. तुला न्हाई येत, यांना न्हाई येत. मंग तुमच्यासाठी ते झाकलेलंच झालं की. उघडता येत न्हाई ते आपलं न्हाई. मी गेल्यावर ते तुमचं ऱ्हायचं न्हाई."

मी इतकी वर्षं डब्याच्या बाजूची. पण त्या क्षणी डबा नको, यंत्र नको, काही नको असं झालं मला. मी उठून बाहेर गेले आणि मोंढ्यातल्या रिकाम्या बैलगाड्यांकडं बघत उभी राहिले.

डबा आला. फोटो एकीकडून दुसरीकडं न्यायला यंत्राला माणूस लागत नाही, सांगून ठेवलं की ते आपोआप जातात. वहिनींना ते पसंत नव्हतं. गावागावानं, लग्नालग्नानं न्यायचे. अंगावर शाल घेऊन त्या खुर्चीत बसायच्या, मी माउस चालवायचे. एकेक लग्न डोळ्यांपुढून जायचं आणि त्या हळू आवाजात म्हणत राहायच्या, "ही गेली. हा हाय अजून. ही गेली. हिचं लेकरू गेलं." मी ऐकत बसायचे. एवढी गेलेली माणसं इतक्या नटलेल्या कपड्यांत मी कधी सलग बघितली नव्हती. जेवण गोड लागेना त्या दिवसांत.

डब्यानं आपल्या रीतीनं चेहरे गोळा केले. एकेका माणसाचा गोल चेहरा, त्याखाली रिकामी जागा, नाव लिहा म्हणून. ताडकळसचं ते पोपटी साड्यांचं लग्न आलं तेव्हा बघितलं, तर डब्यानंही त्या दोन्ही जावा एकच बाई समजून एका गोलात घातल्या होत्या. वहिनी हसल्या. पोटाला हात धरून हसल्या, दुखत असूनही. "हे बी आपल्यातलंच निघालं," म्हणाल्या. त्यांचं ते शेवटचं हसणं मी बघितलेलं.

सगळं उतरून झाल्यावर त्यांनी आरशावरची एक टिकली काढली आणि डब्यावर लावली. हिरवी असेल असं मला वाटलं होतं. काळी होती. नंतर यंत्राकडं वळल्या आणि त्यांनीच ते बंद केलं. पंखे थांबले. ती घरघर त्या घरात इतकी वर्षं होती की थांबल्यावर भाऊ पुढच्या दुकानातून उठून आत आले. वहिनी कॅबिनेटवर हात ठेवून उभ्या होत्या. भाऊंनी चल आता म्हटलं तर म्हणाल्या, "जरा थांबा. गार व्हायलंय."

चैत्र संपता संपता वहिनी गेल्या. लग्नांचे दिवस होते, भाऊंनी घेतलेल्या सगळ्या तारखा दुसऱ्यांना दिल्या. भावकीतली माणसं आली, मातीला थांबली आणि तेरवीला येतो म्हणून आपापल्या गावी गेली. घरात भाऊ उरले, आणि कामाला येणारी मी.

तेरवी जवळ आली तेव्हा भाऊ माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले. मी डबा उघडला, म्हणजे त्याची खिडकी पडद्यावर उघडली. वहिनी लगेच सापडल्या. एका गोलात, नाव नसलेल्या. चेहऱ्यावर दाबलं तर फोटोच फोटो. भाऊंनी लग्नं काढता काढता त्यांनाही काढत आणलं होतं, इतकं की मलाही माहीत नव्हतं. बहुतेकांत त्या खाली वाकलेल्या, कशाच्या तरी पोटात डोकं घातलेलं. एकात मात्र सरळ बघत होत्या. भाऊंनी तिथं मला थांबवलं आणि विचारलं, "कुणाच्या लग्नातला हाय?"

मला आठवत होतं. ताडकळसच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी स्पीकर बंद पडला होता. वहिनींनी ॲम्प्लिफायर मांडवातच उघडून पुढ्यात घेतला होता आणि भाऊंनी हाक मारली तशी मान वर केली होती. कपाळाला घाम, पदर खोचलेला, हातात पेचकस. मी भाऊंना सगळं सांगितलं. सांगताना आम्ही दोघंही थोडं हसलो.

मी फोटो कापला, मोठा केला, मागं निळा पडदा दिला. सवयीनं हात पेचकस पुसायला गेला. "ऱ्हाऊ दे," भाऊ म्हणाले. मी राहू दिला.

मग प्रिंटचं बटण दाबणार तर भाऊंनी माझा हात धरला. त्यांनी पुढं होऊन पडद्यावर, वहिनींच्या गालावर, बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. नंतर ते स्टुलावरून उठून बाजूला झाले आणि माझ्याकडं बघत उभे राहिले. मला आधी कळलं नाही.

"घरची दोन माणसं लागतेत, मंगल," ते म्हणाले.

मी बोट ठेवलं. मग प्रिंट दिली.